आधी माती वाच, मग लांडग्याला बोल लाव

पोरी, शेरडं आता तुझ्या हातात देतेय. पाला, खुराक, लस हे तुला माहेरीच कळलेलं आहे, त्यात मी पडत नाही. मी सांगते ते लांडग्याचं, बिबट्याचं, तरसाचं आणि मोकाट कुत्र्यांचं. निमोण्यात शेरडं पाळायची तर या चौघांची ओळख पाहिजे, आणि ती गावातल्या चर्चेतून होत नाही.

सकाळी वाड्यात शेरडू मरून पडलेलं दिसलं की आळी गोळा होते आणि बघायच्या आधीच ‘लांडग्यानं मारलं’ म्हणून मोकळी होते. तू तसं करू नकोस. माणसांच्या पायांनी माती मोडायच्या आत ठसे बघ. बिबट्याचा ठसा गोल, त्यात नखं उमटत नाहीत, कारण चालताना तो नखं आत घेतो. लांडग्याचा ठसा लांबट, पुढची दोन बोटं जवळजवळ आणि नखांची टोकं मातीत रुतलेली. मोठ्या कुत्र्याचा ठसाही असाच दिसतो, म्हणून एका ठशावर जाऊ नकोस, माग काढत थोडं पुढं जा. लांडगा कामाला निघाल्यासारखा सरळ जातो, पाऊल पावलाच्या रेषेत. कुत्रं हुंगत, थांबत, वाकडंतिकडं फिरतं. तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा ठळक मोठा असतो, आणि तो बहुतेक वेळा दुसऱ्यानं मारलेल्यावर येतो.

मग जखम बघ. बिबट्या नरडं धरतो. तिथं सुळ्यांची खोल भोकं असतात, आणि ओढत नेल्याची फरपट उसापर्यंत जाते. लांडगा करडू तोंडात धरून पळतो, मागं फारसं काही राहतच नाही. कुत्र्यांचं काम निराळंच. कान फाटलेले, मांड्या आणि कास ओरबाडलेली, चार-पाच जनावरं जखमी आणि खाल्लेलं थोडकंच. मी आयुष्यभर बघितलंय, लांडग्याच्या नावावर लागलेल्या कितीतरी शेरडांना गावचीच कुत्री लागलेली होती. मारणारा चुकीचा धरलास तर उपायही चुकीचाच करशील.

लांडग्याला आणि कुत्र्याला आडवी भिंत आणि घट्ट दार पुरतं. बिबट्याला वरून छत लागतं. तो पाच-सहा फुटांची भिंत सहज ओलांडतो आणि कोंडलेल्या जागेत बावरला की एकामागून एक जनावरं मारत सुटतो. म्हणून वाड्याला वरूनही जाळी हवी. कडेची जाळी खालच्या बाजूनं वीतभर मातीत गाडायची, वर दगड रचायचे, नाहीतर उकरून आत येतात. दाराखाली फट ठेवायची नाही. सुतळीनं बांधलेलं दार मला अजिबात चालत नाही. कोयंडा पाहिजे आणि त्यात खिळा पाहिजे. करडं वेगळी, डालग्याखाली, डालग्यावर पाटा नाहीतर दगड. हे रोज संध्याकाळी. कंटाळा आला, लग्नाला जायचं आहे, अंगात कणकण आहे, तरीसुद्धा. जनावरं जातात ती अशाच एखाद्या संध्याकाळी.

दिवसा माळावर चारायला नेशील तेव्हा नजर म्होरक्या शेरडावर ठेवू नकोस, मागं राहिलेल्यावर ठेव. लंगडं, गाभण, बोरीच्या झुडपात अडकलेलं, तेच लांडगा हेरतो. एक लांडगा समोर दिसून कुत्र्यांना मागं पळवतो आणि दुसरा ओढ्याकडून येतो, हे धनगरांकडून ऐकून घे. आपल्याकडं मेंढरं बसवायला येणारे धनगर रात्री वाघूर लावतात, म्हणजे खुंट्यांना जाळी ताणून त्यात कळप कोंडतात, कुत्री भोवतीनं सोडतात आणि स्वतः उघड्यावर झोपतात, जरा खुट्ट झालं की उठतात. एखादं कोकरू जातंच, म्हणतात, आणि तरी त्या माळावर पुढच्या वर्षी परत येतात. लांडग्याचा राग त्यांनाही येतो. पण वाड्याभोवती राखण कमी पडली का, हा प्रश्न ते आधी स्वतःला विचारतात. मला ती रीत पटते.

माझ्या वडिलांच्या रानात पारध्याचं एक कुटुंब यायचं. फासे लावून तितर, ससा, कधी हरीण धरणारी माणसं. त्यांच्या वाट्याला इंग्रजांनी कायद्यानं जन्मानंच गुन्हेगार असल्याचा शिक्का आणला, आणि त्याचा त्रास त्यांच्या नातवंडांनाही भोगावा लागला. पण रान त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. लांडगा आपली शिकार पळवतो अशी तक्रार त्यांच्यातला म्हातारा कधी करायचा नाही. तो म्हणायचा, लांडगा पाडसं आणि आजारी हरणं नेतो, ससे आणि उंदीर खातो, धडधाकट हरणामागं धावणं त्याला रोज परवडत नाही. शिकार आता कायद्यानं बंद आहे आणि ती बंदच असावी, पण हे ज्ञान टाकून द्यायचं नाही.

तुझा नवरा परवा मोबाइलवर वाचून दाखवत होता. अमेरिकेत कोयोटी म्हणून आपल्या कोल्ह्याहून मोठं, लांडग्याहून लहान जनावर आहे. तिथले मेंढपाळ आणि शिकारी दोघेही त्याच्या नावानं ओरडतात, एक कोकरं जातात म्हणून, दुसरा हरणांची पाडसं जातात म्हणून. सरकारी खातं तिथं वर्षाला हजारोंनी कोयोटी मारत आलं, आणि गेल्या शंभर वर्षांत कोयोटी कमी व्हायचा सोडून पार पूर्वेच्या किनाऱ्यापर्यंत पसरला. इथंही इंग्रजांच्या राज्यात लांडगा मारून दाखवला की बक्षीस मिळायचं. लांडगे पुष्कळ मेले. कोंडवाडे मात्र त्यानं मजबूत झाले नाहीत.

आणि आपल्याच गावात बघ. हरणं हरभरा खातात म्हणून रागावायचं, आणि हरणं खाणाऱ्या लांडग्यालाही हाणायला धावायचं. दोन्ही एकदम कसं जमेल?

माळ होता तेव्हा या सगळ्यांना जागा होती. तू या गावात आलीस तेव्हा चहूकडं ऊसच बघितलास, पण माझ्या लहानपणी कुसळी गवत, तरवड, बाभळी आणि मधे ज्वारीची वावरं होती. चिंचणीला घोड नदीवर धरण झालं, पाट आले, न्हावऱ्याला साखर कारखाना उभा राहिला. पाण्यानं आपलं पोट भरलं, ते नाकारून चालणार नाही. पण ऊस बिबट्याला दाट आडोसा झाला आणि लांडग्याचा उघडा माळ आटला. इनामगाव आपल्या जवळच; तिथं डेक्कन कॉलेजच्या लोकांनी 1968 पासून उकरून साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं गाव काढलं, त्यात गाई, शेळ्या-मेंढ्यांच्या हाडांसोबत हरणांचीही हाडं निघाली. शेरडं, हरणं आणि माणसं या नदीकाठी फार जुन्या काळापासून शेजारी आहेत.

उसातल्या बिबट्याचं मात्र वेगळ्या काळजीनं ऐक. पिंपरखेड आपल्याच शिरूर तालुक्यात आहे. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथं बिबट्यानं माणसं मारली, लेकरं मारली. त्यानंतर तिथल्या बायाबापड्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून रानात जायला लागल्या. ती भीती खरी आहे, तिला कुणी नावं ठेवू नये. तू एवढं पाळ. अंधारात एकटी जायचं नाही. वीज रात्रीची असेल तर दारं धरायला दोघं जायचं, बॅटरी आणि काठी घेऊन, मोठ्यानं बोलत. वाकून बसलेलं माणूस त्याला लहान जनावरासारखं दिसतं, म्हणून उसाच्या कडेला गवत कापताना एक जण उभं असावं. पोरगं कधीही मागं ठेवायचं नाही, पुढं चालवायचं. ऊसतोडीत बछडे सापडले तर हात लावायचा नाही, फोटोला उचलायचे नाहीत. वनखात्याला कळवून सगळ्यांनी बाजूला व्हायचं. रात्री मादी येऊन नेते. बछडे हलवलेस तर ती चवताळून गावाभोवती फिरेल.

तसंच चिंकाऱ्याचं पाडस गवतात एकटं बसलेलं दिसलं तर दया येऊन घरी आणू नकोस. आई त्याला लपवून चरायला गेलेली असते. घरी आणलेलं पाडस बहुतेक दगावतंच, आणि तो गुन्हाही आहे.

मेलेल्या कोंबड्या माळावर टाकणाऱ्या पोल्ट्रीवाल्यांना तोंडावर सांगायला लाजू नकोस. त्या वासानं कुत्र्यांचे कळप वाढतात, लांडगे गावाजवळ येतात, कुत्र्यांचे रोग लांडग्यांना लागतात. पुण्याच्या आसपास लांडगा आणि कुत्रा यांची मिश्र पिल्लंही सापडली आहेत, म्हणजे हे एकमेकांत किती मिसळायला लागलंय बघ. आपल्या कुत्र्याला रेबीजची लस दर वर्षी. भर दिवसा न भिता माणसावर धावून येणारा लांडगा पिसाळलेला समज. चावलाच तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा. हळद, चुना, मिरची काही भरायचं नाही.

विष घालायचा विचार कुणाच्या मनात आला तर तो तिथंच मोडून काढ. मेलेल्या शेरडात विष घातलं की आधी आपलं कुत्रं मरतं, मग तरस, मग घारी. लांडगा, बिबट्या, चिंकारा हे सगळे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या यादीत आहेत. त्यांना मारलं तर 3 ते 7 वर्षांची कैद आहे. शिवाय जवळपास विषानं जनावर मेलेलं निघालं तर भरपाईही अडते. तारेत लाइटचा करंट सोडण्याबद्दल तर बोलायलाच नको, त्यानं शेजारच्याचं पोरगं जातं.

भरपाई मिळते, पण ती वेळेत मागावी लागते. शेरडू मारलेलं दिसलं की ते हलवायचं नाही, पुरायचं नाही, कातडं काढायचं नाही. मोबाइलवर फोटो काढ, ठशाशेजारी काडेपेटी ठेवून काढ, म्हणजे आकार कळतो. ठशावर घमेलं पालथं घाल. 48 तासांच्या आत वनरक्षकाला कळव, नंबर नसेल तर 1926 ला लाव. 2022 पासून शेळी-मेंढीला बाजारभावाच्या 75 टक्के किंवा 15,000 रुपये, यातलं जे कमी ते मिळतं. गाई, म्हशी, बैलाला हीच मर्यादा 70,000 आहे. गाभण शेरडाचे पैसे कधीच पुरे पडत नाहीत, हे मला माहीत आहे. तरी पंचनामा कर, कारण कागदावर न आलेलं शेरडू सरकारच्या लेखी मेलेलंच नसतं. पंचनाम्यावर सही करायच्या आधी मजकूर वाचून घे, तुझं नाव आणि तारीख नीट आहे का बघ. पासबुकाची झेरॉक्स घरात तयार ठेव. कुत्र्यांनी मारलं असेल तर लांडग्याचं नाव सांगून पैसे मागायचे नाहीत. पुढच्या वेळी खरंच लांडगा येईल तेव्हा आपलं कुणी खरं मानणार नाही.

या आठवड्यात शिरूरला जाशील तेव्हा वाड्याच्या वरच्या बाजूला पुरेल एवढी तारेची जाळी मापून आण, बांधायची तार, दोन कोयंडे आणि कुत्र्याला खिळ्यांचा पट्टा. जाळीचं माप मी दोरीनं घेऊन ठेवलंय, ती दोरी खुंटीला आहे. लोहाराकडून कोयंड्याचे खिळे जाड घे. बारीक खिळे आपल्या पत्र्याला टिकत नाहीत.