इंग्रजी वाक्यातला गाळलेला 'जो'



काही वर्षांपूर्वी उत्तरपत्रिका तपासताना मला एक वाक्य आढळले : 'द बुक आय बॉट यस्टरडे इज लॉस्ट.' मी तांबडी रेघ ओढली, शेजारी 'व्हिच कोठे आहे?' असे लिहिले आणि अर्धा गुण कापला. दुसऱ्या दिवशी ती विद्यार्थिनी वही घेऊन आली. म्हणाली, "सर, 'मी काल घेतलेले पुस्तक हरवले' असे आपण म्हणतो, तेव्हा त्यात 'जे' कोठे असते?"

मला लगेच उत्तर देता आले नाही. घरी जाऊन रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण उघडले. संबंधी सर्वनाम कर्म असेल तर ते बहुधा गाळतात, असे तेथे स्वच्छ लिहिलेले होते. चूक माझी होती. मी वर्गासमोर तसे सांगितले आणि तिचा अर्धा गुण परत दिला.

पण गोष्ट येथे संपत नाही. त्याच उत्तरपत्रिकेत पुढे दुसरे वाक्य होते : 'द बॉय लिव्हज निअर अस इज माय कझिन.' हे मात्र खरोखरच चूक होते. एकाच मुलीने एकाच समजुतीने दोन वाक्ये लिहिली. त्यांतले एक बरोबर का आणि दुसरे चूक का, हेच या लेखात पाहावयाचे आहे.

आपल्या भाषांची रीत

मराठीत दोन रीती आहेत. पहिली 'जो-तो'ची : 'जे पुस्तक मी घेतले ते हरवले.' येथे 'जे' येते. या रीतीचे शब्दशः इंग्रजी करू गेल्यास 'व्हिच बुक आय बॉट दॅट इज लॉस्ट' असे वाक्य तयार होते. ते इंग्रजी नव्हे.

दुसरी रीत धातुसाधित विशेषणाची : 'मी घेतलेले पुस्तक', 'शेजारी राहणारा मुलगा'. येथे 'जो' मुळीच लागत नाही. पुस्तक हे घेण्याचे कर्म आहे आणि मुलगा हा राहण्याचा कर्ता आहे. तरीही दोन्हीकडे रचना सारखीच.

आपल्या तेलुगू मित्राला विचारा. तो 'नेनु कोन्न पुस्तकम्' म्हणेल आणि 'वच्चिन अब्बायि' म्हणेल. कन्नड विभागातील मित्र 'नानु कोंड पुस्तक' आणि 'बंद हुडुग' म्हणेल. कर्ता असो वा कर्म, विशेषण आधी येते, नाम मागून येते, आणि मध्ये सर्वनाम नाही.

हे साम्य पाहून नवल वाटावयास नको. सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथे मराठी, कन्नड, उर्दू बोलणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिल्यामुळे त्यांच्या वाक्यांची ठेवण जवळजवळ एक झाली, असे गंपर्झ आणि विल्सन या अभ्यासकांनी १९७१ साली दाखवून दिले. आपला भागही असाच सरमिसळीचा. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबादेतून निघून मराठी मुलखात गेले, तर मुधोळ-भैंसा हा भाग नांदेडातून आदिलाबादेत आला. तो २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात आहे. रेषा बदलल्या, पण एका बाकावर मराठी, तेलुगू, उर्दू आणि गोंडी बोलणारी मुले बसतच राहिली. तेव्हा ही चूक एकट्या मराठी मुलांची नाही.

इंग्रजीची रीत

इंग्रजीत कर्ता आणि कर्म यांत भेद करतात. नियम पुढीलप्रमाणे :

१. सर्वनाम उपवाक्यातील क्रियापदाचे कर्म असेल तर ते गाळता येते. 'द बुक दॅट आय बॉट' किंवा 'द बुक आय बॉट', दोन्ही शुद्ध.

२. सर्वनाम शब्दयोगी अव्ययाशी जोडलेले असेल तरीही गाळता येते. मात्र ते अव्यय शेवटी राहिले पाहिजे. 'द हाऊस वुइ लिव्ह इन' चालेल. 'इन' आधी आणला तर 'द हाऊस इन व्हिच वुइ लिव्ह' असेच म्हणावे लागते. आपली मुले पुष्कळदा शेवटचा 'इन'ही सोडून देतात. तो सोडू नये.

३. सर्वनाम उपवाक्याचा कर्ता असेल तर ते गाळू नये. 'द बॉय हू लिव्हज निअर अस' असेच हवे. मात्र 'हू' बरोबर 'इज' ही गाळून 'द बॉय सिटिंग देअर' असे म्हणता येते. तेथे क्रियापदाचे विशेषण झाले, म्हणजे ते आपल्या 'बसलेला मुलगा' या रीतीजवळ आले.

४. उपवाक्य केवळ जादा माहिती देत असेल आणि दोन स्वल्पविरामांत बसले असेल, तर काहीही गाळू नये. 'माय फादर, हूम यू मेट अ‍ॅट निर्मल, इज इल.' वडील एकच असतात. ते कोणते हे ओळखण्यासाठी उपवाक्य लागत नाही.

५. 'हूज' कधीही गाळता येत नाही.

एक सोपी कसोटी

सर्वनामावर बोट ठेवा आणि त्याच्यापुढे काय आहे ते पाहा. पुढे नवे नाम वा सर्वनाम असेल, जसे 'आय', 'वुइ', 'द फार्मर', तर उपवाक्याला त्याचा कर्ता मिळाला. बोटाखालचा शब्द गाळता येईल. पुढे थेट क्रियापद असेल तर बोटाखालचा शब्दच कर्ता आहे. तो राहू द्या. स्वल्पविरामांचे आणि 'हूज'चे नियम मात्र वेगळे लक्षात ठेवावेत.

डॅनिश व्याकरणकार ऑटो येस्पर्सन यांचे म्हणणे असे की, अशा वाक्यांत काही गाळलेलेच नसते. नाम आणि उपवाक्य एकमेकांना चिकटून बसतात, एवढेच. म्हणून त्यांनी यांना संपर्क-उपवाक्ये असे नाव दिले. परीक्षेसाठी दोन्ही मते सारखीच उपयोगी आहेत.

वाचताना

लिहिताना गाळले नाही तरी चालते. वाचताना मात्र हा नियम ठाऊक नसेल तर अडते. 'द कॉटन द फार्मर्स ब्रॉट वॉज वेट' असे वाक्य बाजारपेठेच्या बातमीत आले, तर 'कॉटन' आणि 'फार्मर्स' शेजारी पाहून मुले गोंधळतात, आणि 'वेट' शेतकऱ्यांना लावतात. शेतकऱ्यांनी आणलेला कापूस ओला होता, एवढाच अर्थ आहे. भाव उतरतो तो कापसाचा! मध्ये स्वल्पविराम वा 'अँड' नसताना दोन नामे लागोपाठ आली, की त्यांच्यामध्ये मनात एक 'दॅट' घालून वाचावे. उद्या सातबारा, करारपत्र किंवा बँकेचा कागद इंग्रजीत समोर आला, तर ही सवय घरच्यांच्याही कामी येईल.

सरावासाठी

पुढील वाक्यांत सर्वनाम गाळता येईल काय?

१. द ट्रेन व्हिच वुइ टुक वॉज लेट.
२. द ट्रेन व्हिच गोज टू नांदेड इज लेट.
३. द फ्रेंड हूम आय स्टे विथ इज फ्रॉम उतनूर.
४. माय मदर, हूम यू नो, इज अ टीचर.
५. द फार्मर हूज बुलक डाइड इज हिअर.

उत्तरे : पहिल्या आणि तिसऱ्या वाक्यात येईल, दुसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या वाक्यात येणार नाही.

त्या विद्यार्थिनीचा प्रश्न योग्य होता, उत्तर मात्र अर्धेच होते. आणि माझ्याजवळ त्या दिवशी तेवढेही नव्हते. तेव्हा शिक्षकाची तांबडी रेघ दिसली, की वही घेऊन जरूर या. विचारल्याने गुण परत मिळतो किंवा नियम कळतो. दोन्हींत तोटा नाही.