डोळे फळ्याकडे, लक्ष कुठे?

आम्हा शिक्षकांच्या तोंडी दिवसातून दहा वेळा येणारे एक वाक्य आहे : "डोळे फळ्याकडे, पण लक्ष कुठे आहे तुझे?" काही वर्षांपूर्वी सातवीतील एका मुलाने फळ्यावरचे उदाहरण उतरवताना दशांशचिन्ह गाळले. तो टक लावून फळ्याकडे पाहत होता, हे मी स्वतः पाहिले होते. म्हणून तो खोटे बोलतो असे समजून मी त्याला तासभर उभे केले. "दिसलेच नाही, सर," एवढेच तो म्हणत राहिला. आज मला वाटते, तो खरे तेच सांगत होता.

नजर रोखणे आणि लक्ष देणे या दोन भिन्न क्रिया होत, हे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवून दिले. काळोख्या पेटीत त्यांनी अक्षरांचा एक कागद ठेवला, नजर एका बारीक प्रकाशबिंदूवर स्थिर केली आणि विजेच्या ठिणगीने क्षणभर उजेड पाडला. डोळा फिरवायला अवसरच नव्हता. तरीही ज्या बाजूकडे लक्ष द्यायचे असे त्यांनी मनाशी आधी ठरवले असेल, तेथील अक्षरे त्यांना ओळखता येत. इतर ठिकाणची येत नसत.

मग मेंदूत काय घडते? १९८५ साली अमेरिकेत मोरान व डेसिमोन यांनी माकडांवर केलेला प्रयोग येथे पाहण्याजोगा आहे. मेंदूच्या दृष्टिविभागातील एकेक पेशी दृश्याच्या ठरावीक तुकड्यावर जणू पहारा करते. अशा एका तुकड्यात त्यांनी दोन आकृती दाखवल्या. एक त्या पेशीला चेतवणारी, दुसरी न चेतवणारी. माकडाने दुसरीकडे लक्ष दिले की पहिली समोर असूनही पेशीचा प्रतिसाद अगदी मंदावे. म्हणजे जे डोळ्यांत शिरले, ते मेंदूत पुढे पोचतेच असे नाही.

हे केवळ पोरांचेच होते असे मात्र कोणी समजू नये! २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २४ क्ष-किरणतज्ज्ञांना फुफ्फुसांच्या सी.टी. चित्रांत गाठी शोधायला सांगितले होते. शेवटच्या चित्रमालिकेत गुपचूप एक गोरिला घातला होता, सरासरी गाठीच्या ४८ पट मोठा. २० तज्ज्ञांना तो दिसला नाही, आणि त्यांतील बहुतेकांची नजर नेमकी त्याच जागेवरून गेली होती. काखेत कळसा, दुसरे काय! पण त्यांना निष्काळजी कसे म्हणावे? गाठी शोधण्यातच ते गढलेले होते. गाडी चालवताना मोबाइलवर बोलणारे आपले बंधू "डोळे तर रस्त्यावरच असतात ना?" असे विचारतात, त्यांना मी हाच गोरिला सांगतो.

त्या मुलाजवळ चूक कबूल करायची राहून गेली. दशांशचिन्ह मात्र मी आता रंगीत खडूने काढतो, आणि वह्या उघडण्यापूर्वी वर्गाला विचारतो, "या ओळीत टिंबे किती?"