भरतीचा कागद

‘पोरगं मिलिटरीत भरती झालं,’ एवढे एक वाक्य कोल्हापूर जिल्ह्यातील कोणत्याही गावात सांगितले, की पुढचे ऐकणारा स्वतःच समजून घेत असे. पंधरा-सतरा वर्षांची नोकरी, मग पेन्शन, कँटीनचे कार्ड आणि चाळिशीच्या आत माणूस परत घरी. शिरोळ तालुक्यातील टाकळी गावाला ‘सैनिक टाकळी’ हे नाव मिळाले ते जवानांच्या अशाच पिढ्यांमुळे. बेळगावचे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्रही आपल्याला परके नाही. परंतु २०२२ सालापासून त्या एका वाक्याचा अर्थ बदलला आहे. सोळाशे मीटर किती वेळात पळायचे हे आपल्यापैकी अनेकांना तोंडपाठ असते. सही करायच्या कागदावर किती वर्षे लिहिली आहेत, याची चर्चा मात्र क्वचितच होते. ती करावी, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम जुनी अट पाहू. जवानाला निवृत्तिवेतन मिळण्यासाठी किमान १५ वर्षांची सेवा लागते. या एका आकड्यावर कित्येक शेतकरी कुटुंबांचा संसार उभा राहिला. घर बांधायचे, बहिणीचे लग्न करायचे, विहिरीवर मोटार बसवायची, तर कर्ज काढताना घरच्यांना धीर असे. कारण पगार थांबला तरी पेन्शन येणार, हे ठरलेले होते.

दि. १४ जून २०२२ रोजी केंद्र सरकारने ‘अग्निपथ’ योजना जाहीर केली. तिच्यानुसार जवान ‘अग्निवीर’ म्हणून ४ वर्षांसाठी भरती होतो. प्रशिक्षणाचा काळही या चार वर्षांतच धरला जातो. जाहीर झालेले वेतन पहिल्या वर्षी दरमहा ३०,००० रुपये आणि चौथ्या वर्षी ४०,००० रुपये असे आहे. त्यातील ३० टक्के रक्कम ‘सेवा निधी’त जाते. म्हणजे पहिल्या वर्षी हातात २१,००० रुपये येतात. सरकार तेवढीच भर घालते. चार वर्षांत दोन्ही मिळून सुमारे १० लाख ४ हजार रुपये होतात आणि ते व्याजासह, आयकर न लागता मिळतात. ४८ लाखांचा विमा असतो व त्याचा हप्ता जवानाला भरावा लागत नाही. मात्र चार वर्षांनी घरी येणाऱ्याला पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही.

प्रत्येक तुकडीतील जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीरांना पुढे कायम केले जाते. त्यांना आणखी किमान १५ वर्षे सेवा करावी लागते. येथे ‘जास्तीत जास्त’ हा शब्द नीट वाचला पाहिजे. चौघांतील एकाला घेतलेच जाईल, असे वचन त्यात नाही.

आता हा करार कोणाला किती बांधतो ते पाहू. अग्निवीराला स्वतःच्या इच्छेने मुदतीआधी नोकरी सोडता येत नाही. अगदी अपवादात्मक कारण असेल तर वरिष्ठांच्या मंजुरीने सुटका होऊ शकते. त्याला कोणत्याही रेजिमेंटमध्ये पाठवता येते व कोणतेही काम देता येते. उलट पक्षी, चार वर्षांनंतर त्याला ठेवून घेण्याचे बंधन सरकारवर नाही. १९५० च्या सेना कायद्याच्या १८ व्या कलमाप्रमाणे जवानाची सेवा राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंतच असते. पण त्याच कायद्याच्या १३ व्या कलमाने भरती अधिकाऱ्यावरही एक कर्तव्य टाकले आहे. सेवेच्या अटी उमेदवाराला वाचून दाखवल्या पाहिजेत आणि समजावून सांगितल्या पाहिजेत. तेव्हा अटी विचारणे हा उद्धटपणा नव्हे. मुलगा अठरा वर्षांच्या आतील असेल तर आईवडिलांची किंवा पालकांची सही लागते. म्हणून त्या अटी घरीही मराठीत समजावून सांगायला हव्यात.

आपल्या वर्गातील मुलांच्या दृष्टीने हिशेब असा होतो. अठराव्या वर्षी गेलेला मुलगा बाविसाव्या वर्षी परत येईल. त्याच्या हातात दहा-अकरा लाख रुपये असतील, पण पदवी नसेल. सेवेत असताना पदवी घेता यावी म्हणून २०२२ मध्ये इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम जाहीर झाला. त्यात निम्मे श्रेयांक लष्करी प्रशिक्षणाचे धरले जातात. जाणाऱ्याने या सोयीची चौकशी अवश्य करावी. घरच्यांनीही पंधरा वर्षांच्या हप्त्याचे कर्ज चार वर्षांच्या पगारावर काढू नये.

आणखी एक वाट आपल्याकडे दुर्लक्षित राहते. बी. ए. झालेल्या मुलामुलींना संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा देऊन अधिकारी होता येते. त्यातील अल्पसेवा कमिशन १० वर्षांचे असते व ते ४ वर्षांनी वाढवता येते. म्हणजे पदवीपर्यंत थांबणाऱ्याचे सैन्याचे दार बंद होत नाही, उलट दुसरे एक दार उघडते.

अग्निवीरांच्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून भरू लागतात. परत आलेल्यांचे आयुष्य पुढे कसे लागले, यावरून गावे या योजनेचे मोल ठरवतील. देशासाठी छाती पुढे करणाऱ्याने कागद वाचायला घाबरण्याचे कारण नाही. चार वर्षे हसतमुखाने देणारे तरुण आपल्या जिल्ह्यात पुष्कळ आहेत; पण आपण चार वर्षे देत आहोत, पंधरा नव्हेत, हे सही करण्यापूर्वी त्यांना आणि त्यांच्या आईवडिलांना माहीत असले पाहिजे.