गाडी आपली, भाडे दुसऱ्याच्या हाती
(ॲपवर टॅक्सी चालविणाऱ्यांच्या अडचणी व त्यातून घ्यावयाचा धडा)

गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या मोहल्ल्यांतील अनेक तरुण माग, गॅरेज किंवा दुकानातील नोकरी सोडून ॲपच्या टॅक्सीकडे वळले. ओला २०१० साली निघाली, उबर २०१३ साली भारतात आली. सुरुवातीस प्रवाशाला सवलत आणि चालकाला भरघोस इन्सेन्टिव्ह मिळे. हा पैसा भाड्यातून येत नव्हता, गुंतवणूकदारांच्या भांडवलातून येत होता. पुष्कळांनी त्यालाच कायमची कमाई समजून घरातील दागिने मोडले, कर्ज काढले आणि गाडी घेतली. पुढे इन्सेन्टिव्ह आटले, हप्ता मात्र तेवढाच राहिला. मार्च व ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबईतील चालकांनी संप केले, त्यांच्या मुळाशी हीच कमाईची घसरण होती.

आम्ही कापडाच्या धंद्यातले. आम्हाला हा मुआमला मजुरीवर चालणाऱ्या यंत्रमागासारखा दिसतो. भिवंडी-मालेगावात मजुरीच्या कारखानदाराचे माग स्वतःचे, वीजबिल स्वतःचे. सूत मात्र व्यापाऱ्याचे आणि मजुरीचा दरही बहुधा व्यापारीच ठरवतो. मंदी आली की मजुरी उतरते, वीजबिल उतरत नाही. ॲपच्या चालकाची स्थिती अशीच आहे. फरक एवढाच की बीम चढविण्यापूर्वी मागवाल्याला दर ठाऊक असतो आणि तक्रार करायला समोर माणूस असतो.

चालकांच्या तक्रारी ऐकल्या तर त्या प्रामुख्याने चार आहेत. पहिली, प्रवाशाने दिलेले भाडे आणि चालकाच्या खात्यात पडलेली रक्कम यांचा मेळ बसत नाही. दुसरी, भाडे स्वीकारण्यापूर्वी कुठे जायचे आणि किती मिळणार हे बऱ्याचदा पुरते कळत नाही. म्हणून चालक फोन करून "कुठे जायचंय? कॅश की ऑनलाईन?" असे विचारतो व प्रवासी चिडतो. तिसरी, प्रवाशापर्यंत जाण्याचे आणि रिकामे परतण्याचे अंतर चालकाच्या माथी पडते. चौथी, एखाद्या प्रवाशाच्या तक्रारीवरून आयडी बंद होतो आणि बाजू मांडायची कोणाकडे हेच समजत नाही.

आता हिशेब पाहू. समजा, प्रवासी बसलेला प्रवास १२ किलोमीटर, त्याला आणायला जाणे ३ आणि रिकामी फेरी ५, म्हणजे गाडी एकूण २० किलोमीटर धावली. भाडे २४० रुपये. त्यातून २५ टक्के कमिशन, म्हणजे ६० रुपये, गेले. उरले १८०, म्हणजे किलोमीटरला ९ रुपये. सीएनजीचे ४ आणि टायर, ऑईल, विमा, दुरुस्तीचे २ वजा केले तर किलोमीटरला ३, म्हणजे खेपेमागे ६० रुपये राहतात. दिवसाला दहा खेपा आणि महिन्याला २६ दिवस धरले तर १५,६०० रुपये. गाडीचा हप्ता १२,००० असेल तर घरात ३,६०० रुपये येतात. चालक मात्र संध्याकाळी २,४०० रुपयांचा गल्ला पाहून धंदा चांगला चालला असे समजतो. गल्ला म्हणजे नफा नव्हे, हे दुकानदाराला सांगावे लागत नाही. चालकाला सांगावे लागते.

शरीअतमध्ये इजाऱ्याच्या, म्हणजे मजुरीच्या व भाड्याच्या, करारात काम आणि उजरत दोन्ही आधी स्पष्ट असावीत अशी अट आहे. अंधारातला सौदा, ज्याला गरर म्हणतात, मना आहे. कुरआनातील सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची २८२ वी, देण्याघेण्याच्या लिखापढीविषयी आहे. करार न वाचता मोबाईलवर 'मंजूर' दाबणाऱ्या आपल्या तरुणांनी याचा विचार करावा. तसेच स्वीकारलेले भाडे जास्त पैशांसाठी ऐनवेळी रद्द करणे हीदेखील वचनभंगाचीच बाब आहे. दवाखान्यात निघालेला माणूस रस्त्यावर ताटकळतो, त्याचा जाब कंपनीला नव्हे, आपल्याला द्यावा लागेल.

कायदाही माहीत असावा. केंद्र सरकारच्या जुलै २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार स्वतःची गाडी असलेल्या चालकाला भाड्याचा किमान ८० टक्के वाटा मिळाला पाहिजे आणि ५ लाखांचा आरोग्य विमा व १० लाखांचा मुदत विमा कंपनीने करावयाचा आहे. या सूचना राज्यांनी अमलात आणावयाच्या आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कामगारांचा उल्लेख प्रथमच आला आहे. ई-श्रम पोर्टलवर नाव नोंदविण्यास विलंब करू नये.

आमचे सांगणे थोडक्यात असे. गाडी घेण्यापूर्वी तीन महिने दुसऱ्याची गाडी चालवून पाहावी. रोज वहीत भाडे, कमिशन, इंधन आणि रिकामे किलोमीटर लिहावेत. तक्रारीच्या वेळी स्क्रीनशॉट जपून ठेवावा. एकाच ॲपवर विसंबू नये. शाळा, दवाखाने, लग्नाची वऱ्हाडे, हजयात्रेकरूंची विमानतळावरील ने-आण अशी आपली कायमची गिऱ्हाइके जोडावीत. बेंगळुरूत २०२२ साली सुरू झालेल्या 'नम्मा यात्री'ने कमिशनऐवजी ठरावीक शुल्क घेऊन दाखवले. दहा-वीस चालक एकत्र आले, तर मोहल्ल्याच्या पातळीवर निदान एक सामाईक फोन नंबर तरी चालविता येईल.

आणि व्यापारी बांधवांनो, आपल्याकडे माल वाहणाऱ्या टेम्पोवाल्याचे भाडे आपण आधी ठरवतो का, आणि माल उतरताच देतो का? कंपनीला नावे ठेवण्यापूर्वी आपली वही उघडून पाहू या. बरकत तेथूनच सुरू होते.