दूरच्या यंत्राची दुरुस्ती

विद्यार्थ्यांनो, शाळेचे गुण, रुग्णालयांतील रोग्यांची माहिती व पेढ्यांचे हिशेब हल्लीं ज्या संगणकांवर ठेविलेले असतात, त्यांस सर्व्हर म्हणतात. सर्व्हर बहुधा दूरच्या गांवीं असतो, व त्याच्या सॉफ्टवेअरांतील दोष काढण्याचें काम इंटरनेटच्या द्वारें घरबसल्या होतें. हें काम टाळून चालत नाहीं. मार्च २०१७ मध्यें मायक्रोसॉफ्टनें विंडोजमधील एका दोषावर दुरुस्ती दिली होती. ती ज्यांनीं बसविली नाहीं, अशा ब्रिटनमधील अनेक रुग्णालयांचें काम मे महिन्यांत 'वॉनाक्राय' नांवाच्या उपद्रवी प्रोग्रॅममुळें विस्कळित झालें.

परंतु निष्काळजीपणें केलेली दुरुस्तीही घात करिते. व्हायकिंग १ हें अमेरिकेचें यान १९७६ सालीं मंगळावर उतरलें. नोव्हेंबर १९८२ मध्यें त्याच्या बॅटऱ्या नीट भरल्या जाव्यात म्हणून पृथ्वीवरून नवी आज्ञावली पाठविण्यांत आली. तींत चूक होती. अँटेना पृथ्वीकडे वळविण्यास लागणारी माहिती तिच्यामुळें पुसली गेली, व यान पुन्हां बोललें नाहीं. ज्या फांदीवर बसावें तीच तोडावी, तसें झालें.

याउलट व्हॉयेजर १ यानाचें उदाहरण पाहा. नोव्हेंबर २०२३ पासून त्याचे संदेश निरर्थक येऊं लागले. त्याच्या स्मृतीची एक चिप बिघडली होती, आणि एका संदेशास पोहोंचण्यास सुमारें साडेबावीस तास लागत. चिपवरील आज्ञावली दुसऱ्या कोणत्याही एका जागीं मावेना. तेव्हां तिचे भाग पाडून ते निरनिराळ्या जागीं ठेवण्याचें ठरलें. प्रथम यानाच्या प्रकृतीची माहिती जुळविणारा भागच तेवढा १८ एप्रिल २०२४ रोजीं पाठविला. २० एप्रिल रोजीं उत्तर आलें. मग बाकीचे भाग हलविले.

यावरून सर्व्हर सांभाळणारानें पुढील नियम पाळावेत:

१. सर्व माहितीची नक्कल आधीं दुसऱ्या ठिकाणीं ठेवावी, व ती परत उघडते कीं नाहीं हें पाहावें.

२. नवें सॉफ्टवेअर प्रथम तशाच दुसऱ्या संगणकावर चालवून पाहावें.

३. ज्या मार्गानें आपण आंत शिरलों, त्याची व्यवस्था बदलतांना चालू जोडणी तोडूं नये. दुसरी जोडणी लागते अशी खात्री झाल्यावरच पहिली सोडावी.

४. ठराविक मिनिटांत आपली संमति न मिळाल्यास सर्व्हरनें आपण होऊन जुनी व्यवस्था परत आणावी, अशी योजना करून ठेवावी.

५. एका वेळीं एकच बदल करावा, व तो तपासून मग पुढें जावें.

मुलांनो, तुमच्यापैकीं कांहींजण पुढें हेंच काम करितील. त्या यंत्राच्या पलीकडे एखादा रोगी आपल्या औषधाची वाट पाहत असेल, हें स्मरून परतीची वाट आधीं आंखा आणि मगच यंत्रास हात लावा.