आठवडी बाजार आणि एच.आय.व्ही. तपासणी

धार जिल्ह्यातील मनावरसारख्या गावी बाजारात पाल टाकणारा विक्रेता एच.आय.व्ही. तपासणीसाठी रुग्णालयाच्या रांगेत उभा राहिला, तर त्याची त्या दिवसाची कमाई बुडते. अशा वेळी त्याच्याच धंद्यातील प्रशिक्षित सोबती उपयोगी पडतो.

सांगलीचा अनुभव या दृष्टीने मननीय आहे. तेथे १९९२ पासून 'संग्राम' संस्थेच्या कार्यात वेश्याव्यवसायातील स्त्रियांनीच आपल्या भगिनींना निरोध पुरविले व रोगाची माहिती दिली. पुढे १९९६ मध्ये 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी राहिली. बाहेरच्या उपदेशकाला असा विश्वास क्वचितच लाभतो.

बोटाच्या रक्ताची प्राथमिक तपासणी साधारण अर्ध्या तासात होते. संसर्गाचा संकेत मिळाल्यास शासकीय केंद्रात फेरतपासणी आवश्यकच. शासनातर्फे विनामूल्य औषधोपचार २००४ मध्ये सुरू झाला.

खरी अडचण गुप्ततेची. सोबती म्हणजे शेजारच्या पालावरचाच माणूस. एक शब्द फुटला तरी गिऱ्हाईक तुटते. २०१७ च्या कायद्याने संमतीवाचून तपासणी करण्यास व संमतीवाचून बाधिताची स्थिती उघड करण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. म्हणून तपासणी आरोग्य कर्मचाऱ्याने करावी. सोबत्याने केंद्राची वाट दाखवावी, तेवढा वेळ पाल सांभाळावे आणि तो परतल्यावर निकाल विचारू नये.