कायद्याच्या परीक्षेतील उत्तम श्रेणी आणि व्याकरणाचे साहाय्य

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणास :
• कायद्यातील वाक्याचे व्याकरणाच्या आधारे विश्लेषण करता येईल.
• समस्याप्रधान प्रश्नाचे उत्तर चार टप्प्यांत लिहिता येईल.
• कलमाचे पाठांतर आणि कलमाचे आकलन यांतील भेद स्पष्ट करता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मराठी विषय घेऊन बी.ए. झालेले काही विद्यार्थी पुढे तीन वर्षांच्या एलएल.बी. अभ्यासक्रमाकडे वळतात. 'आपण कथा-कविता शिकलो. कायद्यात आपला निभाव कसा लागणार?' ही धास्ती त्यांच्या मनात असते. धास्तीपोटी ते कलमे मुखोद्गत करतात आणि उत्तीर्णही होतात; वरची श्रेणी मात्र हुलकावणी देते. वास्तविक, तीन वर्षे वाक्य उलगडण्याचे जे शिक्षण आपण घेतले, तेच येथे उपयोगी पडणारे भांडवल आहे. अमरावती जिल्ह्यातील पापळ येथे १८९८ साली जन्मलेले डॉ. पंजाबराव देशमुख बॅरिस्टर होते, संविधान सभेचे सदस्य होते आणि वेदवाङ्मयाचे संशोधकही होते. ग्रंथाचा अभ्यास आणि कायद्याचा अभ्यास यांत वैर नाही, हे त्यांच्या उदाहरणावरून ध्यानात येते.

२. एक काल्पनिक समस्या

वर्धा नदीच्या काठचे कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर. तेथील कार्तिकातील यात्रेत एक भाविक ओळखीच्या दुकानदाराकडे आपली पिशवी ठेवतो. 'आत चांदीचा पेला आहे, सकाळी नेतो,' असे तो सांगतो. दुकानदार मोबदला घेत नाही. तो पिशवी दुकानाच्या उघड्या ओट्यावर ठेवून झोपी जातो. तेथेच त्याची स्वतःची पेटीही असते. रात्री दोन्ही वस्तू चोरीस जातात. दुकानदार म्हणतो, "मी पैसे घेतले नव्हते. शिवाय माझीही पेटी गेली. जशी माझ्या सामानाची, तशीच तुमच्या पिशवीची काळजी घेतली." त्याचा बचाव टिकेल काय?

३. कलमाचे वाचन

हा प्रश्न भारतीय करार कायदा, १८७२ मधील निक्षेपाच्या तरतुदींचा आहे. विशिष्ट हेतूने वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात देणे आणि हेतू पूर्ण झाल्यावर ती परत मिळावी असे ठरणे, म्हणजे निक्षेप (कलम १४८). कलम १५१ चा आशय असा : निक्षेपाच्या सर्व प्रकरणांत, सामान्य विवेकाची व्यक्ती तशाच परिस्थितीत, तेवढ्याच आकाराच्या, दर्जाच्या व किमतीच्या स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी काळजी वस्तू स्वीकारणाऱ्याने घेतली पाहिजे.

या वाक्यातील तीन शब्दांकडे लक्ष द्या.

(अ) 'सर्व' : या विशेषणामुळे मोबदल्याचा व विनामोबदला निक्षेप एकाच मापाने मोजला जातो. 'पैसे घेतले नव्हते' हा बचाव येथेच संपतो.

(आ) 'स्वतःच्या' : हे आत्मवाचक सर्वनाम आहे. मराठीत ते सामान्यतः आपल्याच उपवाक्यातील कर्त्याकडे निर्देश करते. येथे कर्ता 'सामान्य विवेकाची व्यक्ती' आहे, दुकानदार नव्हे. म्हणून दुकानदाराने आपल्या पेटीची हेळसांड केली, यावरून पिशवीची हेळसांड क्षम्य ठरत नाही. घाईने वाचणारा विद्यार्थी नेमका येथे फसतो.

(इ) 'किमतीच्या' : पेल्याची कल्पना दुकानदाराला दिली होती. ती दिली नसती, तर अपेक्षित काळजीविषयी वेगळा युक्तिवाद करता आला असता.

कलम १५२ नुसार, विशेष करार नसेल आणि उपरोक्त काळजी घेतली असेल, तर वस्तू स्वीकारणारा नुकसानीस जबाबदार नसतो. या सवलतीचे दार 'तर'ने उघडते. पण आधीचे 'जर' पूर्ण झाले पाहिजे.

अशीच दक्षता इतरत्रही घ्यावी. 'करता येईल' हा अधिकार, 'केले पाहिजे' हे कर्तव्य. 'आणि'ने जोडलेल्या अटी सामान्यतः सर्व पूर्ण व्हाव्या लागतात. 'किंवा' असल्यास एक पुरते. 'म्हणजे'ने व्याख्या बहुधा सीमित होते. 'यात समावेश होतो' म्हटले की ती विस्तारते.

४. उत्तराची मांडणी

१. मुद्दा : दुकानदाराने कायद्याला अपेक्षित काळजी घेतली काय?
२. नियम : कलम १४८, १५१ व १५२ यांचा नेमका आशय.
३. उपयोजन : यात्रेची गर्दी, उघडा ओटा, चांदीची माहिती. सामान्य विवेकाची व्यक्ती अशा वेळी स्वतःचा पेला आत, कुलपात ठेवील.
४. निष्कर्ष : बचाव टिकण्याची शक्यता कमी, दुकानदार जबाबदार ठरेल.

पाठांतरावर विसंबलेले उत्तर दुसऱ्या टप्प्यावरून थेट चौथ्यावर उडी घेते. तिसऱ्या टप्प्यात दिलेली प्रत्येक घटना नियमातील एकेका शब्दाशी जोडावी लागते. विद्यार्थ्याची समज तेथेच दिसते. दुकानदाराच्या बाजूनेही एक युक्तिवाद मांडून त्याला उत्तर द्यावे.

५. सरावाविषयी

रोज एकच कलम घ्या. त्यातील कर्ता, क्रियापद, अट व अपवाद वेगळे करा आणि मग ते स्वतःच्या शब्दांत लिहा. आठवड्यातून एकदा जुन्या प्रश्नपत्रिकेतील एक प्रश्न घड्याळ लावून सोडवा. मराठी संज्ञेसोबत इंग्रजी संज्ञाही वहीत नोंदवा. कारण संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार, संसद अन्यथा तरतूद करीपर्यंत, सर्वोच्च न्यायालयाचे सर्व कामकाज इंग्रजीतून चालते.

सारांश

कायद्यातील उत्तम श्रेणी केवळ स्मरणशक्तीवर मिळत नाही. वाक्यातील प्रत्येक शब्दाचे कार्य ओळखणे आणि ते दिलेल्या घटनांना लावून दाखवणे, यावर ती अवलंबून असते. एका सर्वनामाचा निर्देश चुकला, तर परीक्षेत गुण जातात. न्यायालयात मात्र कोणाचा तरी हक्क जातो.

स्वाध्याय

१. दुकानदाराने पिशवी आत कुलपात ठेवली होती व कुलूप तोडून चोरी झाली, असे समजून उत्तर पुन्हा लिहा.
२. भाविकाने पेल्याविषयी काहीच सांगितले नव्हते, असे गृहीत धरून दोन्ही बाजूंचे युक्तिवाद मांडा.